समुद्र दारात, आम्ही घरात

"तुमचं काय बाई, समुद्र दारात!"

रत्नागिरीला सून म्हणून आले त्याला २६ वर्षं झाली. तेव्हापासून दर मे महिन्यात हे वाक्य मी पाच-सहा वेळा तरी ऐकते. पुण्याच्या नणंदा, मुंबईचे दीर-जावा, माझे कराडचे माहेरचे, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे मेहुणेसुद्धा! १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि येणं अगदीच सोपं झालं. पाहुणे यायला हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाहुणे मांडवीच्या जेटीवर सूर्यास्त बघत उभे असतात, तेव्हा आम्ही दोघी, म्हणजे सासूबाई आणि मी, कुठे असतो? एक नारळ खवत असते आणि दुसरी बांगडे साफ करत असते. मंडळी परत येतात ती "काय भूक लागलीये हो!" असं म्हणतच. समुद्राच्या वाऱ्याने भूक लागते म्हणतात. आम्हाला काय, वाऱ्याशिवायच लागते.

आता घावनाचंच बघा. तांदळाच्या पिठात मीठ आणि पाणी, एवढाच काय तो मामला. पीठ ताकासारखं पातळ हवं. बिडाचा तवा सणसणीत तापला की नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं आणि वाटीने पीठ कडेकडून मध्ये असं ओतत यायचं. पळीने पसरायचं नाही. चर्र आवाज आला पाहिजे आणि लगेच जाळी पडली पाहिजे. वर झाकण, मिनिटभराने उलटायचं, की झालं. गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खावं. मात्र हे सगळं तव्यावरून थेट ताटात पडलं तरच. गार झालं की घावन चिवट होतं. आणि करणारी तर तव्यापाशी उभी! त्यामुळे तिच्या वाट्याला कायम शेवटचं, गार, चिवट. मी निदान माहेरी गेले की आयतं गरम जेवते. सासूबाईंचं माहेर तर दोन आळ्या सोडून, आणि तेही आता मिटलेलं.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर सासूबाईंना एका डोळ्याने फारच अंधुक दिसायला लागलं. आम्ही मोतीबिंदू धरून चाललो होतो. निघाला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, थेंब चुकवायचे नाहीत. घरी येताना रिक्षात त्या गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, "भाट्याचं सुरूचं बन आहे का गो अजून?"

मला उत्तर देता येईना. भाट्ये आमच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. बन आहे, पण समुद्राने बरीच झाडं पाडली, असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. स्वतः बघायला मीही कितीक वर्षांत गेले नव्हते. सासूबाई ७६ वर्षांच्या, जन्म याच गावातला, आणि समुद्र शेवटचा कधी पाहिला ते त्यांना आठवत नव्हतं.

मी तिथेच ठरवलं, दोघींनीच जायचं. आणि जेवायचंही बाहेर.

जाण्याला कुणाची हरकत नव्हती. जेवण्याला मात्र सगळ्यांची! "मासे बाहेर? घरी काय कमी आहेत?" हे म्हणाले. सासूबाई तर म्हणाल्या, "चार लोक विचारतील, यांच्या घरी चूल पेटली नाही काय?" त्यांच्या सासूबाईंच्या काळात बायकांनी हॉटेलची पायरी चढणं म्हणजे पापच. गंमत बघा, याच गावात सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजी कीरांच्या पैशाने १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं. सगळ्या जातींची सहभोजनं झाली, १९३३ मध्ये सर्वांना खुलं उपाहारगृहसुद्धा निघालं. पण आमच्या आळीतल्या बायका काही उंबरा ओलांडून जेवायला गेल्या नाहीत.

शेवटी दिवस सासूबाईंनीच काढून दिला, आणि तोही कॅलेंडरवरची तिथी बघून. भरती-ओहोटीचं गणित त्यांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. "चतुर्दशी घे. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती, म्हणजे साडेचारच्या सुमारास ओहोटी. वाळू मिळेल चालायला." मिनिटांचा फरक पडतो, पण ढोबळ अंदाज चुकत नाही. माघातली शुद्ध चतुर्दशी बुधवारी येत होती. बुधवार, म्हणजे मासे खायला मोकळा वार. यांच्यासाठी डाळ-भाताचा कुकर लावून ठेवला आणि आम्ही निघालो.

समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात मी मुद्दामच गेले नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो. सोलकढी नुसती गुलाबी, ना नारळाचा रस ना आमसुलाचा आंबटपणा, आणि पापलेट बर्फात किती दिवस पडलं होतं देव जाणे. यावेळी भाजीवालीने सांगितलेली एका मावशींची घरगुती खानावळ गाठली. पडवीत चार टेबलं, पाठीमागे चूल. फळ्यावर खडूने लिहिलेलं: बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या.

सासूबाईंनी बसायच्या आधी बांगडा बघायला मागितला. मला कानकोंडं झालं. पण मावशींनी हसून थाळा पुढे केला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी बोटाने पाठ दाबून पाहिली. मांस लगेच वर आलं. कल्ला उघडून मला विचारलं, "लाल आहे ना?" होता. मग कुठे त्या खुर्चीत टेकल्या.

बांगड्याचं तिखलं आलं, तिसऱ्यांचं सुकं आलं, आणि मागोमाग तव्यावरची तांदळाची भाकरी. टम्म फुगलेली. सासूबाईंनी ती मोडली तशी आतली वाफ भस्सकन हातावर आली. "कढत आहे गो," त्या म्हणाल्या. तक्रार केल्यासारखं म्हणाल्या खऱ्या, पण भाकरी खाली ठेवली नाही. तिखलं चाखून "तिरफळं दोन कमी पडली" हा शेरा मात्र ठरल्याप्रमाणे आलाच. सोलकढी दोनदा मागून घेतली.

दुसरी भाकरी वाढायला मावशी आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तू जेवलीस?"

"माझं शेवटी हो, गिऱ्हाईक संपल्यावर."

"ये, बस आमच्याबरोबर."

मावशी नुसत्या हसल्या. तेवढ्यात चौघं जण आत आले आणि त्या आत पळाल्या. सासूबाईंनी राहिलेली भाकरी मुकाट्याने संपवली. दोघींचे मिळून ५०० रुपयांच्या आत बिल झालं. ते मी माझ्या शिवणाच्या पैशातून दिलं, हेही सांगून टाकते.

दुपारचं ऊन होतं म्हणून आधी थिबा राजवाड्यावर गेलो. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या राजाचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली हा वाडा बांधून झाला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. तीस वर्षं रत्नागिरीत! सासूबाईंना बारीक काही दिसत नव्हतं. पण खिडक्यांच्या रंगीत काचांमधून येणारा उजेड त्यांना कळत होता. त्याखाली त्या बराच वेळ उभ्या होत्या. "कैदी होता बिचारा," त्या म्हणाल्या, "पण वरून खाडी तरी दिसायची त्याला."

मग काजळी नदीवरचा पूल ओलांडून भाट्ये. साडेचार वाजत आले होते. गणित बरोबर निघालं, पाणी चांगलंच आत गेलं होतं. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरलेली. सासूबाईंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. क्षितिज त्यांना दिसत नाही, मला ते बोलून दाखवायचं नव्हतं. पण त्यांनीच सांगितलं, "रेघ नाही दिसत गो. पण गाज ऐकू येते. आवाजावरून पाणी कुठवर आहे ते कळतं." आणि खरंच, मी सावध करायच्या आत त्या लाटेच्या बरोबर दोन पावलं अलीकडे थांबल्या. सुरूचं बन विरळ झालंय, ते मी सांगून टाकलं. खोटं कशाला सांगायचं? त्यांनी एका झाडाला हात लावून बघितला आणि खाली बसून माझ्याकडून सुरूची बोंडं वेचून घेतली. लहानपणी याचे सागरगोट्यांसारखे डाव मांडायचो म्हणाल्या.

हे सगळं मी आमच्या भिशीत सांगितलं. आमची भिशी आठ जणींची, दर महिन्याला एकीच्या घरी. म्हणजे सात जणी मजा करणार आणि आठवी सकाळपासून वडे तळणार. त्या दिवशी जरा वादावादीच झाली. पण ठरलं, की दोन महिन्यांतून एकदा भिशी बाहेर. एकीच्या घरून अजून परवानगी नाही. ती पैसे पाठवते, स्वतः येत नाही. तिच्यासाठी आम्ही पुडकं बांधून नेतो, पण घरी पोचेपर्यंत तेही गारच.

चैत्रात सहा आसनी गाडी करून आरे-वारेला गेलो. घाटीच्या वळणावरून खाली दोन्ही किनारे दिसतात तिथे आपोआप गप्पा थांबतात. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे कुणी गेलं नाही. वाळू एकदम खोल जाते आणि परतणारी लाट पाय ओढते. या किनाऱ्यावर माणसं बुडाली आहेत, तेव्हा पोहता येतं म्हणून कुणी धाडस करू नये. पुढे गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं आणि एका घरी आधी सांगून ठेवलेलं जेवण जेवलो. ओल्या काजूची उसळ, कुयरीची भाजी, कुळथाचं पिठलं, भाकरी, आणि शेवटी मऊ भात. काजूच्या बिया सोलताना चीक उततो, बोटं सोलवटतात, म्हणून ही उसळ दुसऱ्या कुणी करून घातली तर तिची गोडी दुप्पट लागते. हे मी अनुभवाने सांगते!

तुम्हाला यायचं असेल तर महिना बघून या. ओले काजू फेब्रुवारी ते एप्रिल. बरका फणस पिकला की मे महिन्यात सांदणं, आणि हापूस अर्थातच तेव्हाच. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका, सोड्यांचं कालवण मागा. श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. आणि आधी फोन करून सांगितलंत तर घरगुती खानावळीत हवं ते करून मिळतं. अचानक दहा माणसं घेऊन उभं राहू नका, आत चुलीपाशी एकच बाई असते.

तिसऱ्या वेळची भिशी त्याच मावशींच्या पडवीत होती. आम्ही मुद्दाम दुपारी तीनला गेलो, गिऱ्हाईक उरकल्यावर. घावनं सांगितली होती. मावशी पीठ ढवळत होत्या. सासूबाई खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या आणि त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. "तू जा, बाहेर बस त्यांच्यात."

"अहो आजी, तुम्हाला दिसत नाही..."

"ऐकू येतं ना."

मावशी ओढणीला हात पुसत येऊन माझ्या शेजारी अवघडून बसल्या. मी आत जाऊन सासूबाईंच्या बाजूला उभी राहिले. त्यांनी तव्यावर तळहात धरून ताव पाहिला आणि कडेने पीठ सोडलं. चर्र झालं.

"जाळी पडली का गो?"

"पडली, आई."

"मग ने पटकन तिला."