मूनकेक : वाटून खाण्याचा पदार्थ

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की चिनी शेजाऱ्यांकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून मूनकेकचा देखणा डबा घरी येतो. त्यांच्या आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेचे हे पक्वान्न. २०२५ साली ती पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती!

केक दिसायला लहान, तळहातावर मावणारा. पण आत कमळाच्या बियांचे गोड, तेलकट, घट्ट सारण आणि बदकाच्या खारवलेल्या अंड्याचे बलक. दोन बलकांच्या एका केकमध्ये सुमारे ८०० कॅलरी असतात, म्हणजे सात-आठ पोळ्या झाल्या. माझे सासरे मधुमेही. "एकच तर आहे," म्हणून ते अख्खा केक उचलतात, त्यामुळे डबा मी आधी स्वयंपाकघरात नेते. चिनी घरात तो सहसा कोणी एकट्याने संपवत नाही. चार किंवा आठ तुकडे करायचे आणि सर्वांनी बिनसाखरेच्या कोऱ्या चहाबरोबर एकेक घ्यायचा, अशी रीत. गोल केक ही कुटुंब एकत्र असल्याची खूण! आठवा तुकडा घेतला तर साधारण १०० कॅलरी पोटात जातात.

'शुगर-फ्री' या अक्षरांना भुलू नये. साखर नसली तरी तेल आणि पिष्ट असतेच. शाकाहारी मंडळींनी वेष्टन जरूर वाचावे, कारण बलक नसला तरी पारंपरिक पद्धतीच्या केकमध्ये डुकराची चरबी असू शकते. काही प्रकारांत सुकामेवा आणि तीळ भरपूर असतात. अॅलर्जी असलेल्या मुलांना ते देऊ नयेत.