कॉलेजचा खेळाडू, नियमांचं पुस्तक आणि रिकामा खिसा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की निवड समितीवर फुकट जागा मिळते. कुणाला बाहेर काढायचं, कुणाला कर्णधार करायचं, हे पाच मिनिटांत ठरतं. जून २०२५पासून तिथे एक नवा विषय आला आहे. अमेरिकेतली विद्यापीठं आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देतात, ही बातमी व्हॉट्सॲपवरून फिरली आणि कट्ट्यावर लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणतो, ‘आपले नियमच बुरसटलेले, म्हणून रुईया-पोदारची पोरं उपाशी.’ दुसरा म्हणतो, ‘पैसा आला की खेळ गेला. आमच्या वेळी पोरं खेळासाठी खेळायची.’

दोन्ही पक्षांचा जोर मोठा आहे आणि माहिती अर्धी. मी स्वतः कॉलेज क्रिकेट आणि कबड्डीचा जुना बघ्या आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे नियमांनी कुणाच्या कमाईला आडकाठी केलेली नाही. कॉलेजच्या खेळात मुळात पैसाच येत नाही. जो येतो तो कॉलेजला वळसा घालून, नोकरीच्या किंवा लीगच्या दारातून येतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे बरेच गैरसमज सुटतात.

गैरसमज १ : खेळातून पैसे घेतले की विद्यार्थी ‘व्यावसायिक’ ठरतो आणि विद्यापीठाच्या संघातून बाद होतो.

हा नियम आपला नाही, अमेरिकेचा होता. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए अनेक दशकं खेळाडूला शिष्यवृत्ती घेऊ देई, पण स्वतःच्या नावावर एक जाहिरातही करू देत नसे. २१ जून २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० मतांनी या संघटनेला दणका दिला आणि १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाची, चेहऱ्याची कमाई करायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली, तेव्हा विद्यापीठांनी थेट पैसे देण्याचा रस्ताही उघडला.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवतो. त्याचे पात्रतेचे नियम वय, प्रवेश आणि वर्षं यांच्याभोवती फिरतात. खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी हवा. अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा हवा. वय १७ ते २५ या पट्ट्यात हवं. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नको. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. रणजीची मॅच फी किंवा लीगचं मानधन घेतलं म्हणून विद्यार्थी बाद होत नाही.

आणि ही मॅच फी लहान नाही. बीसीसीआयने सप्टेंबर २०२१मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. चार दिवसांच्या एका सामन्याचे झाले १ लाख ६० हजार. तेवीस वर्षांखालच्या संघात दिवसाला २५ हजार, एकोणीस वर्षांखालच्या संघात २० हजार. या महिन्यात मुंबईकडून खेळून पैसे घेणारा मुलगा पुढच्या महिन्यात विद्यापीठाची टोपी घालून मैदानात उतरू शकतो. २०२१पूर्वीच्या अमेरिकी खेळाडूला हे ऐकून हेवा वाटला असता.

गैरसमज २ : अमेरिकेत देतात, तर मुंबई विद्यापीठालाही देता येईल, फक्त इच्छा नाही.

इच्छेचा प्रश्न नंतरचा, आधी तिजोरी बघू. हाउस तडजोडीनुसार २०२५-२६ साली एक अमेरिकी विद्यापीठ आपल्या खेळाडूंना जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटू शकतं. आपल्या हिशेबात सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये. हा पैसा फीमधून येत नाही. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलचे सामने टीव्हीवर विकले जातात. पुरुषांच्या बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेच्या हक्कांचा करार २०१६मध्ये आठ वर्षांनी वाढवला गेला, २०३२पर्यंत, त्याची किंमत ८८० कोटी डॉलर होती.

आता आपली बाजू. देशातल्या सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो, राष्ट्रपतींच्या हस्ते. त्यासोबतची रक्कम १५ लाख रुपये, तीही २०२० साली दहावरून वाढवलेली. वर्षभर डझनावारी खेळांत देशात पहिलं यायचं आणि त्याचे मिळायचे १५ लाख. आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचे हक्क विकत घ्यायला कुठली वाहिनी रांगेत उभी नाही. सामन्याला प्रेक्षक म्हणून खेळाडूंचे मित्र, दोन पालक आणि आमच्यासारखे निवृत्त बघे. जिथे तिकीटच विकलं जात नाही तिथे वाटा कशाचा मागायचा?

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. एआययू ही बीसीसीआयची सदस्य आहे. क्रिकेट मंडळाच्या कारभारासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांमध्ये तिचं पूर्ण सदस्यत्व गेलं होतं, ते ऑगस्ट २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे आणि सेनादलांबरोबर परत दिलं. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळात विद्यापीठांना मत आहे. पण रेल्वे आणि सेनादलांचे संघ रणजी खेळतात, विद्यापीठांचा संघ नाही. पैशाचा आग्रह धरायचाच असेल तर मला ही जागा योग्य वाटते. अमेरिकेचं उदाहरण देऊन कॉलेजच्या प्राचार्यांना घेरण्यात अर्थ नाही.

गैरसमज ३ : आमच्या वेळी सगळे निव्वळ प्रेमापोटी खेळत.

प्रेम होतंच. रोहिंटन बारिया १९३५-३६पासून खेळली जाते आणि मुंबईने त्यात डोंगराएवढ्या धावा केल्या आहेत. अजित वाडेकरांनी ३२४ काढल्या, तो विक्रम सुनील गावसकरांनी १९७०मध्ये ३२७ करून मोडला, आणि काही महिन्यांतच ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले. त्या धावांचे कुणी पैसे दिले नाहीत.

पण त्या धावांनी नोकऱ्या दिल्या. वाडेकर स्टेट बँकेत होते. गावसकर आणि रुईयाचे संदीप पाटील निरलॉनमध्ये. कंपन्यांची टाइम्स शील्ड स्पर्धा हा मुंबई क्रिकेटचा खरा पगारपत्रक विभाग होता. कॉलेजच्या मैदानावर शतक ठोकायचं, कुठल्यातरी बँकेच्या क्रीडा अधिकाऱ्याच्या नजरेत भरायचं, आणि पदवी हातात येताच टेबल मिळवायचं, ही वाट गिरगावपासून परळपर्यंत प्रत्येक मध्यमवर्गीय घराला ठाऊक होती. कबड्डी आणि खो-खोत रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या आणि बँका हीच वाट होती. तेव्हाही पैसा होता, फक्त तो महिन्याच्या पगारात आणि पेन्शनीत विरघळलेला असे, म्हणून दिसत नसे. बँकांची खेळाडू-भरती आटली आणि प्रो कबड्डी, आयपीएलचे लिलाव टीव्हीवर दिसू लागले, तेव्हा आपल्याला वाटलं की पैसा आत्ताच आला.

गैरसमज ४ : खेलो इंडियात खेळलं की महिन्याला दहा हजार सुरू.

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा पहिल्यांदा फेब्रुवारी २०२०मध्ये भुवनेश्वरला झाली. पंजाब विद्यापीठ पहिलं आलं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं. या स्पर्धेत भाग घेणं आणि ‘खेलो इंडिया खेळाडू’ म्हणून निवड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड झालेल्या खेळाडूच्या खात्यात महिन्याला १० हजार रुपये हातखर्चाला जमा होतात. वर्षाचे १ लाख २० हजार. योजनेची एकूण तरतूद खेळाडूमागे वर्षाला सुमारे सव्वासहा लाख असली, तरी उरलेली रक्कम प्रशिक्षण, राहणं, खाणं, स्पर्धा यांवर खर्च होते, हातात येत नाही. शिवाय कामगिरीचा आढावा होतो आणि मागे पडलेल्यांची नावं गळतात. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र घेऊन बँकेत पासबुक भरायला गेलात तर निराशा होईल.

गैरसमज ५ : ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळाचं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी.

हा गैरसमज दादरमध्ये तरी असू नये. इथे १९२५पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे, मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९मध्ये शिवाजी पार्कवरच झाली, आणि ही कला देशोदेशी नेणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. तरी ‘मल्लखांब करून पुढे काय?’ हा प्रश्न पालक विचारतातच.

याचं कोरडं, सरकारी उत्तर असं : केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू-भरतीची मान्य खेळांची यादी २०२०मध्ये ४३वरून ६३वर गेली, आणि वाढलेल्या वीसांमध्ये मल्लखांब आहे. रस्सीखेच, शूटिंगबॉल, रोलबॉल, टेनिसबॉल क्रिकेटही आहेत. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही २०२२च्या बंगळुरूच्या खेपेपासून मल्लखांब आला. लिलावात बोली लागणार नाही हे खरं, पण अर्ज करायचा दरवाजा बंद नाही.

गैरसमज ६ : कॉलेजच्या संघातून खेळलं की सरकारी नोकरीत पाच टक्क्यांत बसलोच.

सर्वांत जास्त मनस्ताप या गैरसमजातून होतो, म्हणून इथे जरा थांबू.

महाराष्ट्र सरकारच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते समांतर आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. जागा कुठल्या गटाची, त्यावर कामगिरीची पातळी ठरते. वरच्या गटाला वरची पातळी. कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन सामना खेळणं ही त्या शिडीची अगदी खालची पायरी. प्रमाणपत्राची आधी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आल्यापासून ती कडक आहे, आणि संघटना मान्यताप्राप्त नसेल तर खरोखर जिंकलेलं पदकही तिथे अडकतं.

केंद्राचे नियम वेगळे आहेत. गट ‘क’च्या खेळाडू-भरतीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व हे पात्रतेचं एक मान्य कारण आहे. कॉलेजचं नव्हे, विद्यापीठाचं. त्यासाठी ठरावीक नमुना आहे, ‘नमुना ३’, आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाची सही लागते. कॉलेजच्या जिमखान्याने स्नेहसंमेलनात दिलेलं रंगीत प्रमाणपत्र इथे चालत नाही. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर चार वर्षांनी ही सही मिळवणं किती जिकिरीचं असतं, ते धावाधाव केलेल्यांना विचारा.

ही वाट कुठवर नेते याचं ताजं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेचं. २०१५पासून मध्य रेल्वेत नोकरी, तिकीट तपासनीस म्हणून, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक. नऊ वर्षांचा पगार हा त्या पदकामागचा खरा प्रायोजक होता.

गैरसमज ७ : खेळाडूला हजेरी माफ, गुण फुकट, फी माफ.

तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, कामगिरीच्या पातळीनुसार आणि जास्तीत जास्त २५. अर्ज वेळेत, शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जावा लागतो. पदवीच्या वर्गात ७५ टक्के हजेरीची अट खेळाडूलाही आहे. स्पर्धेमुळे बुडलेले तास मान्य करून घ्यायचे तर आधी परवानगी आणि नंतर पत्र, दोन्ही हवीत. आणि क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळाला तर जागा मिळते. फी माफ करायची की नाही, हा त्या कॉलेजचा स्वतंत्र निर्णय असतो.

गैरसमज ८ : जिमखान्याची फी खेळाडूंवरच खर्च होते, त्यात विचारायचं काय?

प्रत्येक विद्यार्थी फी भरताना क्रीडा आणि जिमखाना या नावाखाली काही रक्कम देतो. त्यातला एक वाटा विद्यापीठाकडे जातो, उरलेल्यातून साहित्य, प्रवेश शुल्क, पंच, प्रवास आणि खेळाडूंचा भत्ता निघतो. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे, म्हणजे यंत्रणा आहे. पण कबड्डीच्या संघाला किती, बुद्धिबळाला किती, मुलींच्या संघाला किती, हे सहसा सूचनाफलकावर दिसत नाही. आणि अमेरिकेतल्या कोटींवर तावातावाने बोलणारे आपण हा साधा हिशेब कधी मागत नाही.

म्हणून पालकांना आणि कट्टेकऱ्यांना माझी सूचना तीन ओळींची आहे. मुलगा-मुलगी विद्यापीठाकडून खेळली की त्याच हंगामात ‘नमुना ३’वर सही घ्या. ज्या संघटनेची स्पर्धा खेळायची ती मान्यताप्राप्त आहे का, ते प्रवेश शुल्क भरण्याआधी क्रीडा कार्यालयात विचारा. आणि कॉलेजच्या जिमखान्याचा वार्षिक हिशेब खेळनिहाय फलकावर लावा, अशी लेखी मागणी करा. अमेरिकेतल्या खेळाडूंनी आपला वाटा कोर्टात भांडून मिळवला. आपल्याकडे भांडायला तूर्त एवढा एक कागद पुरेसा आहे.