वजनघटीची अंतःक्षेपणे

स्थूलतेच्या उपचारासाठी त्वचेखाली टोचून देण्यात येणारी, आतड्यातील नैसर्गिक हॉर्मोनांच्या कार्याचे अनुकरण करणारी औषधे. सेमाग्लुटाइड, तिर्झेपटाइड व लिराग्लुटाइड ही यांपैकी प्रमुख होत. पहिली दोन आठवड्यातून एकदा, तर लिराग्लुटाइड दररोज देतात. ही औषधे चरबी वितळवितात, हा समज चुकीचा आहे. त्यांची मुख्य क्रिया भुकेवर असते, आणि त्यांचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

क्रिया व इतिहास : अन्न आतड्यात पोहोचताच तेथील विशिष्ट कोशिकांतून जीएलपी-१ हे हॉर्मोन स्रवते. रक्तातील साखर वाढलेली असता ते अग्निपिंडास इन्शुलीन स्रवण्यास उद्युक्त करते, जठर रिते होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूतील भूकनियामक केंद्रांना तृप्तीची सूचना देते. मात्र शरीरातील एका एंझाइमामुळे ते अवघ्या काही मिनिटांत निष्क्रिय होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या पर्यायाचा पहिला धागा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. हीला मॉन्स्टर या अमेरिकेतील विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना असेच कार्य करणारे एक पेप्टाइड आढळले (१९९२). त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी अमेरिकेत मान्य झाले. सेमाग्लुटाइडच्या रेणूस वसाम्लाची शृंखला जोडलेली असल्याने ते रक्तातील अल्ब्युमिनास चिकटून राहते व त्याचे अर्धायुष्य सुमारे एक आठवडा भरते. तिर्झेपटाइड हे जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या हॉर्मोनाच्या ग्राहींवरही क्रिया करते. वजनघटीसाठी सेमाग्लुटाइडला अमेरिकेत जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. भारतात तिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये व वजनघटीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये विक्रीस आले.

सेमाग्लुटाइडच्या १,९६१ प्रौढांवरील चाचणीत (२०२१) ६८ आठवड्यांनंतर वजन सरासरी १४·९ टक्के घटले. निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ही घट २·४ टक्के होती. दोन्ही गटांना आहार व व्यायाम यांविषयी मार्गदर्शन केले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पात्रता : देहवस्तुमान निर्देशांक (किग्रॅ.मधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) ३० किंवा अधिक असल्यास, अथवा तो २७ वा अधिक असून मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखी व्याधी जडलेली असल्यास ही औषधे देतात. हे आकडे मुख्यत्वे पाश्चात्त्य लोकसमूहांवरून ठरले आहेत. भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये स्थूलतेची सीमा २५ इतकी खाली धरली, तसेच पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. हून अधिक कमरेचा घेर धोक्याचा मानला. यामागील कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट होते. याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२·३ असताना शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के भरले (२००४). दिसावयास कृश, पण स्नायू कमी व चरबी अधिक, अशी ही देहरचना आहे. अशा शरीरात भूक मारून वजन उतरविताना चरबीबरोबर मुळातच तोकडे असलेले स्नायूही जातात. वरील चाचणीतील काही व्यक्तींच्या क्ष-किरण मापनात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भाग चरबीखेरीज इतर ऊतकांचा होता. त्यामुळे केवळ काट्यावरील आकड्यावरून उपचाराचे यश ठरविणे इष्ट नाही. कमरेचा घेर, हाताच्या पकडीचे बळ, आधाराशिवाय बैठकीतून उठता येणे यांकडेही लक्ष द्यावे लागते.

मात्रा व प्रतिषेध : सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्यास ०·२५ मिग्रॅ. ने करून दर चार आठवड्यांनी ०·५, १, १·७ व शेवटी २·४ मिग्रॅ. अशी वाढ करतात. तिर्झेपटाइड २·५ मिग्रॅ. पासून चढवीत नेतात. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, अतिसार ही लक्षणे मात्रा वाढविताना अधिक दिसतात. लवकर गुण यावा म्हणून पायऱ्या गाळणे हे ती तीव्र होण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण होय. टोचण्याची जागा पोट, मांडी वा दंड ही असून ती दर वेळी बदलतात. सुई प्रत्येक वेळी नवी घ्यावी. एकाची लेखणी (मात्रा भरलेले अंतःक्षेपण-साधन) दुसऱ्याने, घरातील व्यक्तीनेही, वापरू नये.

अवटू ग्रंथीच्या मज्जकीय कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्यास ही औषधे वर्ज्य होत. गर्भारपणात ती देत नाहीत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवितात. तिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण मंदावू शकते. पाठीकडे जाणारी तीव्र व सतत पोटदुखी हे अग्निपिंडदाहाचे लक्षण असू शकते. अशा वेळी पुढील मात्रा न घेता रुग्णालय गाठावे. पित्ताश्मरींचा संभव झपाट्याने वजन उतरताना वाढतो. जठर रिते होण्यास वेळ लागत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ञास या औषधाची कल्पना देणे अगत्याचे असते.

मराठवाड्यातील वापर : औषधाच्या वेष्टनातील सूचना समशीतोष्ण देशांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या वाटतात. न उघडलेली लेखणी २° ते ८° से. तापमानात ठेवावी आणि वापरात असलेली मर्यादित दिवस ३०° से. पर्यंतच्या तापमानात चालेल, असे त्यांत म्हटलेले असते. लातूर व नांदेड येथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. पत्र्याच्या घरात वा उभ्या मोटारीत ते आणखी चढते. म्हणून येथे ‘खोलीचे तापमान’ ही सवलत उन्हाळ्यात नाही असेच समजावे. किनवट, देगलूर किंवा उदगीरहून शहरात येऊन औषध नेणाऱ्याने शीतपिशवी बरोबर ठेवावी व सकाळची किंवा सायंकाळची बस धरावी. औषध बर्फाला थेट लागू देऊ नये, कारण गोठलेले औषध निकामी होते. वीज वारंवार जात असेल, तर शीतकपाटाचे दार बंद ठेवून औषध मधल्या कप्प्यात ठेवावे. ओल्या कापडाने वेढलेला मातीचा माठ या भागातील कोरड्या हवेत बाहेरच्यापेक्षा थंड राहतो आणि इन्शुलिनासाठी असा उपाय उष्ण देशांत पूर्वापार योजला जातो; परंतु २° ते ८° से. ही पातळी त्याने गाठता येत नाही. उष्णतेने बिघडलेले औषध पुष्कळदा पूर्ववत स्वच्छ दिसते, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये.

उन्हाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. या औषधांनी अन्नाबरोबर पाणी पिणेही नकळत कमी होते. त्यात उलट्या वा जुलाब झाल्यास शेतात, बांधकामावर वा रस्त्यावर काम करणाऱ्याच्या शरीरातील पाणी झपाट्याने घटून वृक्कांना इजा पोहोचू शकते. मात्रा वाढविण्याचा टप्पा भर उन्हाळ्यात येत असेल, तर तो लांबणीवर टाकण्याविषयी वैद्याशी बोलणे श्रेयस्कर. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे घ्यावे. वृक्कविकार नसल्यास मीठ घातलेले ताकही उपयुक्त असते.

आहारात प्रथिने वाढविणे येथे अवघड नसावे, कारण लातूरची बाजारपेठ तूर व सोयाबीन यांसाठीच प्रसिद्ध आहे. परंतु ताटात ज्वारीची भाकरी अधिक व वरण पातळ, ही जुनी रीत कायम राहून एकूण अन्नच निम्मे झाले, तर स्नायूंची झीज ठरलेली. घट्ट वरण, पिठले, दही, अंडी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात आधी खावे, भाकरी नंतर. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे वा बैठकांचे व्यायाम असावेत. नवरात्रात माहूर वा तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी, तसेच रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी वैद्याला आधी सांगावे. मधुमेहासाठी इन्शुलीन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची मात्रा कमी न करता उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साबुदाण्यावर काढलेल्या नऊ दिवसांत प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत, हा त्यातील आणखी एक दोष.

उपचार थांबविणे : सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, असे चाचणीतील सहभागींच्या पुढील पाहणीत दिसले. हा रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष नव्हे. उच्च रक्तदाबाचे औषध सोडल्यावर दाब पुन्हा चढतो, तसेच हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांची शिफारस दीर्घकालीन उपचार म्हणून व सशर्त केली. लग्नसराईपूर्वी तीन महिने घ्यावयाचा उपाय म्हणून त्यांकडे पाहणे त्यामुळे खर्चिक व निष्फळ ठरते. दोन-तीन वर्षांचा खर्च पेलणार नसेल, तर प्रारंभ करण्यापूर्वीच तसे वैद्याला सांगावे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. अशी मुदत संपल्यावर इतर उत्पादकांना वाट मोकळी होते व किंमती उतरू लागतात. स्वस्त औषधाबरोबर बनावट मालाचा प्रश्नही येतो. बनावट सेमाग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. वैद्याच्या चिठ्ठीवर, परवानाधारक दुकानातून, शीतकपाटातून काढून दिलेलेच औषध घ्यावे आणि पावतीवर उत्पादनाचा गट क्रमांक लिहून घ्यावा. काही आठवडे खंड पडला असल्यास आधीच्याच मोठ्या मात्रेने पुन्हा सुरुवात न करता, खालच्या पायरीपासून चढावे लागेल का, हे वैद्याकडून ठरवून घ्यावे लागते.