शेळीचे मांस आखाती देशांत : हलाल प्रमाणपत्र आणि शेळीपालकाची जबाबदारी

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तुरीच्या कोरडवाहू शेतीला शेळीपालनाची जोड देणारे शेतकरी बरेच आहेत. शेळी ही गरिबाची गाय. पीक बुडाले तरी अडीअडचणीला चार पैसे हाती देते. शेळीच्या मांसाला आखाती देशांत, विशेषतः संयुक्त अरब अमिरातीत, चांगली मागणी आहे. जून २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या शारजाला पाठविण्याचे ठरले होते. जैन समाजाच्या विरोधामुळे तो बेत ऐनवेळी पुढे ढकलावा लागला. तेव्हापासून निर्यातीसाठी ‘हलाल प्रमाणपत्र’ कोणी व कसे काढावयाचे, असे शेळीपालक विचारतात. त्याची माहिती येथे दिली आहे.

हलाल म्हणजे काय?
हलाल म्हणजे इस्लामी नियमानुसार ग्राह्य. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९७ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. त्यानुसार जनावर कापतेवेळी जिवंत असावे, कापणारा मुस्लीम, सुजाण व जाणकार असावा, प्रत्येक जनावर कापण्यापूर्वी अल्लाचे नाव घ्यावे, सुरी धारदार असावी आणि श्वासनलिका, अन्ननलिका व मानेतील मुख्य रक्तवाहिन्या कापल्या जाव्यात. डुकराच्या मांसाशी कोठेही संपर्क येता कामा नये.

प्रमाणपत्र कोणाला मिळते?
येथेच गैरसमज होतो. प्रमाणपत्र शेळीला किंवा शेळीपालकाला नसते. ते मांस तयार करून पॅकिंग करणाऱ्या कारखान्याला असते. केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने १६ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहारीन यांसह १५ देशांना ‘हलाल’ म्हणून मांस पाठवावयाचे असल्यास, ते भारतीय गुणवत्ता परिषदेच्या हलाल योजनेखाली प्रमाणित कारखान्यातच तयार झालेले असावे लागते. याशिवाय कारखान्याची ‘अपेडा’कडे नोंदणी लागते आणि प्रत्येक मालासोबत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. म्हणून ‘तुमच्या शेळ्यांचे हलाल प्रमाणपत्र काढून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

मग शेळीपालकाचे काम काय?
आयात करणारा देश फक्त कापण्याची पद्धत पाहत नाही. मांसात औषधांचे अंश आहेत काय, जनावर रोगमुक्त होते काय, हेही तपासले जाते. दोष आढळल्यास माल अडकतो किंवा परत येतो. नंतर व्यापारी त्या भागातील माल घेण्यास कचरतो आणि भावाचा फटका अखेर शेळीपालकालाच बसतो. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी गोठ्यात राहिलेली चूक तेथे दुरुस्त होत नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रत्येक शेळीच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून घ्यावा. नोंदवहीत बिल्ला क्रमांक, वय, खरेदी व विक्रीची तारीख लिहावी.

२. पीपीआर, आंत्रविषार व लाळ्या-खुरकूत यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी.

३. प्रतिजैविके व जंतनाशके मनाने देऊ नयेत. औषध दिल्यानंतर किती दिवस मांस वापरू नये, हे लेबलवर पाहावे किंवा पशुवैद्यकास विचारावे. तेवढे दिवस जनावर विकू नये.

४. आजारी जनावर बाजारात नेऊ नये. गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतील करडू किंवा तेवढे लहान करडू असलेली शेळी कापण्यास २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार मनाई आहे. अशी जनावरे कापण्यासाठी विकू नयेत.

५. वाहतूक करताना गाडीत दाटी करू नये. पाणी व सावलीची सोय ठेवावी. वाटेत मेलेले जनावर हलाल ठरत नाही, शिवाय नुकसान होते ते वेगळेच.

एकट्या शेळीपालकाच्या दहा-वीस शेळ्यांना निर्यातदार दारात येणार नाही. गावातील शेळीपालकांनी गट करून एकसारख्या वयाचे, नोंदी असलेले बोकड एकत्र विकल्यास व्यापाऱ्याशी भाव ठरविताना जोर येतो. अधिक माहितीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा कृषी विज्ञान केंद्र, यवतमाळ येथे संपर्क साधावा. निर्यात होवो वा न होवो, नोंदवहीमुळे कोणती शेळी फायद्याची व कोणती तोट्याची हे कळतेच. म्हणून निर्यातदाराची वाट न पाहता आजच नोंदी ठेवण्यास सुरुवात करावी.