एनफिल्डची नाकारलेली रायफल

पोलिसाच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री आपण पुष्कळांनी पाहिली आहे. लंडनच्या उत्तरेचा एनफिल्डचा सरकारी कारखाना हे तिचे माहेर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा घ्यावी म्हणून इंग्रजांनी ई. एम. २ ही रायफल तयार केली. आराखडा केला तो स्टीफन जॅन्सन या नावाने वावरणाऱ्या एका पोलिश निर्वासित अभियंत्याने.

आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांपाशी गेले. तेव्हा कोणतेही हत्यार पाहिले की ते वापरणाऱ्याचा विचार केला आहे की नाही, हे आम्ही आधी पाहतो. येथे तो केलेला होता. लढाईतला बहुतेक गोळीबार तीन-चारशे यार्डांच्या आतच होतो. मग हजार यार्डांच्या काडतुसाचा धक्का शिपायाने उगाच का सोसावा? म्हणून .२८० इंचाचे सौम्य काडतूस घेतले. काडतुसांची पेटी चापाच्या मागे, दस्त्यात नेली. त्यामुळे नळी जवळजवळ तेवढीच राहूनही लांबी साडेचव्वेचाळीस इंचांवरून पस्तीसवर आली. दोषही होते. डाव्या खांद्यावरून ती चालवता येत नसे, आणि तिच्या भागांना यंत्रकाम फार लागे.

एप्रिल १९५१ मध्ये मजूर सरकारचे संरक्षणमंत्री शिनवेल यांनी ती घेण्याची घोषणा केली. हे गृहस्थ मूळचे कामगार संघटक. १९१९ च्या ग्लासगोच्या संपात तुरुंगात गेलेले! पण नाटो करारातल्या राष्ट्रांचे काडतूस एकच हवे, आणि ते आपल्या जुन्या जोरकस मापाचेच हवे, असा अमेरिकेचा हट्ट होता. ऑक्टोबरात चर्चिल सत्तेवर आले आणि घोषणा गुंडाळली गेली. रायफल कोणत्याही पलटणीत रुजू झाली नाही. नापास झाले होते ते काडतूस, आणि तेही चांदमारीच्या मैदानावर नव्हे, वाटाघाटींच्या मेजावर.

इंग्रजांनी पुढे ७.६२ मिलिमीटरची बेल्जियन घडणीची रायफल घेतली. तिचीच बहीण आपल्या इशापूरलाही बनू लागली. गंमत अशी की, तेच जोरकस काडतूस हट्टाने लादणारी अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात स्वतःच ५.५६ मिलिमीटरच्या लहान काडतुसावर उतरली.

पेटी चापामागे असलेली रायफल इंग्रज सैन्याने अखेर १९८५ साली स्वीकारली, तीही लहान काडतुसाची. तिचे काम एनफिल्डला सुरू झाले खरे. पण तोवर सरकारी शस्त्रकारखान्यांची कंपनी झाली होती, १९८७ साली ती खाजगी मालकाला विकली गेली, आणि १९८८ साली एनफिल्डच्या फाटकाला टाळे लागले.