वृक्षारोपणाकडून वृक्षसंगोपनाकडे : बालवीर पथकांचे कार्य

मराठवाड्यात रोप लावण्याचा हंगाम आषाढ-श्रावणाचा, तर रोप मरण्याचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. छत्रपती संभाजीनगर परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. जुलैमध्ये शाळेच्या आवारात समारंभपूर्वक लावलेले रोप दिवाळीपर्यंत सहज तग धरते. पुढे परीक्षा संपून शाळेला कुलूप लागले की त्याच्याकडे पाहणारे कोणी उरत नाही. जूनच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची तयारी सुरू होते. वृक्षारोपणाच्या आकडेवारीत मात्र दोन्ही रोपांची नोंद झालेली असते.

उन्हाळी सुटीतील ही उणीव भरून काढण्यास स्काउट-गाइड पथकाची रचना विशेष उपयुक्त आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले, तेव्हा मुलांचे लहान लहान संघ पाडून प्रत्येक संघ एका मोठ्या मुलाच्या हाती सोपविला. ही संघपद्धतीच आजही चळवळीचा कणा आहे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील विविध बालवीर संघटनांच्या एकीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. प्राणिमात्रांशी मैत्री आणि निसर्गावर प्रेम हा तिच्या नियमांपैकी एक होय. सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक आणि प्रवेशापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतचे टप्पे अशी ही साखळी आहे. एक टप्पा ओलांडण्यास काही महिने द्यावेच लागतात. रोपालाही नेमके तेच हवे असते.

उस्मानपुऱ्याचे उदाहरण घेता येईल. क्रांती चौक आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यानचा हा भाग दाट वस्तीचा असला, तरी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, देवगिरी महाविद्यालय आणि संत एकनाथ रंगमंदिर यांसारख्या संस्थांमुळे तेथे मोकळी आवारेही आहेत. अशा वस्तीत संघ वर्गवार न पाडता गल्लीवार पाडणे अधिक हिताचे ठरते. वर्ग सुटीत विखुरतो, गल्ली विखुरत नाही. एखादा मुलगा मामाच्या गावी गेला तरी शेजारचा असतोच. प्रत्येक संघाकडे पाच-सहापेक्षा अधिक रोपे देऊ नयेत. शंभर रोपांची जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते.

पाण्याचा प्रश्न अवघड आहे. शहराला पाणी जायकवाडीहून येते आणि उन्हाळ्यात नळाच्या पाळ्या लांबणे नागरिकांच्या अंगवळणी पडले आहे. अशा वेळी घरोघरी भाज्या-धान्य धुतलेले पाणी साठवून वापरता येते. रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके हा त्याहून चांगला उपाय होय. मडक्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी हळूहळू झिरपते, थेट मुळाशी जाते आणि वरून उन्हाने उडून जात नाही. आळ्यात पालापाचोळ्याचा थर दिला म्हणजे ओल आणखी टिकते. तोच पालापाचोळा एरवी कोपऱ्यात जाळला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

बी गोळा करणे हेही मुलांच्या आवडीचे काम आहे. परंतु त्यास वेळेचे भान हवे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. चिंचोक्याचे कवच कठीण असल्याने तो साठवून पुढे रात्रभर भिजवून पेरता येतो. निंबोळीचे तसे नाही. ती पावसाच्या तोंडाशी पिकते आणि तिची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत घटू लागते. म्हणून गर काढून ती लगेच पेरावी लागते. हे पुस्तकात वाचलेले मूल विसरते, पण डबीत राखून ठेवलेली निंबोळी उगवली नाही हे एकदा पाहिलेले मूल सहसा विसरत नाही.

सणांच्या दिवसांतही पथकास काम असते. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि शहरात तर आपटा म्हणून कांचनाची पानेच विकली जातात. दोहोंतील फरक ओळखण्यास शिकविणे हा वनस्पतिशास्त्राचा उत्तम पाठ होय. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली असली, तरी झाडावरचा मांजा आदेशाने खाली येत नाही. मोठ्यांच्या देखरेखीखाली, लांब काठीला आकडा लावून तो काढणे हे पथकाचे काम होऊ शकते. विजेच्या तारांजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नये.

महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी वृक्ष संरक्षण व जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने ठरावीक मुदतीने वृक्षगणना करावयाची असते. या गणनेचा धडा प्रत्येक पथकाने आपल्या वस्तीपुरता गिरविण्यास हरकत नाही. झाडाचे नाव, छातीइतक्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, ढोलीतील पक्षी आणि खोडाला ठोकलेले खिळे यांची नोंद एका वहीत व्हावी. ग्रामपंचायतींनाही गावठाणातील वड, पिंपळ व चिंचा यांची अशी वही शाळेच्या मदतीने ठेवता येईल. संघनायक दहावीनंतर निघून जातो. त्या वेळी त्याने ही वही पुढच्या संघनायकाच्या स्वाधीन करावी आणि कोणते रोप कितव्या उन्हाळ्यात आहे, हे प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवावे.