न पाहिलेल्या खेळाचा विसार

तांदळाच्या व्यापारात वानगी पाहिल्याशिवाय सौदा ठरत नाही. घोटीच्या बाजारात आलेला व्यापारी मूठभर तांदूळ तळहातावर घेतो, कणीचे प्रमाण न्याहाळतो, वास घेतो, एखादा दाणा दाताखाली धरून पाहतो आणि मगच भाव बोलतो. विसाराची रक्कम त्यानंतर हातात ठेवली जाते. इगतपुरी तालुक्यातील पेढ्यांवर वाढलेल्या नातवंडांपैकी अनेकांचे मन मात्र आज एका निराळ्याच मालात गुंतलेले असते. तो माल अजून पुरता तयार झालेला नसतो, वानगी म्हणून काही मिनिटांची चित्रफीत तेवढी पाहायला मिळते, आणि तरीही जगभरातील लाखो ग्राहक त्यासाठी आगाऊ पैसे मोजून मोकळे होतात.

हा माल म्हणजे खुल्या जगात काल्पनिक प्राणी गोळा करण्याचा व्हिडिओ गेम. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो आणि मुलांना तो जिव्हाळ्याचा विषय वाटतो. या दोन टोकांच्या मध्ये एक साधा व्यापारी प्रश्न उभा आहे. ग्राहकाच्या अपेक्षेवर जो व्यवहार चालतो, त्यात कोण कोणाचे देणे लागतो?

अदलाबदलीतून जन्मलेला खेळ

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे पोकेमॉन. सातोशी ताजिरी यांना बालपणी टोकियोजवळील माचिदा परिसरात किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढले, तळी आणि झाडी नाहीशी झाली, आणि पुढच्या पिढीला तो आनंद पडद्यावर तरी मिळावा या कल्पनेतून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या बाजारात आल्या. त्यांत एकूण १५१ प्राणी होते. काही प्राणी केवळ एका आवृत्तीत आणि काही केवळ दुसऱ्या आवृत्तीत मिळत. त्यामुळे एकट्याने संग्रह पुरा करणे शक्यच नव्हते. मित्राचे यंत्र तारेने आपल्या यंत्राशी जोडून देवाणघेवाण करावी लागे. व्यापारी घरातील मुलांना हा खेळ का भावतो, याचे एक उत्तर येथेच मिळते.

पुढे ही संख्या हजाराच्या पलीकडे गेली आणि खेळाडूंच्या अपेक्षाही त्याच प्रमाणात वाढल्या. जून २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले की, येणाऱ्या ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत जुने सर्व प्राणी आणता येणार नाहीत. खेळ बाजारात येण्यास अजून पाच महिने होते, तरीही जगभर संतापाची लाट उसळली. वर्षानुवर्षे जपलेला आपला प्राणी नव्या खेळात नेता येणार नाही, हे अनेकांना वचनभंगासारखे वाटले. ‘सगळे गोळा करा’ असे दोन दशके सांगणाऱ्या कंपनीलाच अखेर संग्रहाला मर्यादा घालावी लागली. परिग्रहाचे परिमाण ठरवून घेण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांना यातील मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

अपेक्षांची यादी

पूर्वीच्या खेळांत खेळाडूला आखून दिलेल्या वाटेनेच जावे लागे. खुल्या जगाच्या खेळात डोंगर, नदी, वस्ती, अरण्य असे सारे एकसंध पसरलेले असते आणि कोणत्या दिशेने निघावे हे खेळाडूच ठरवतो. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेत हे स्वातंत्र्य पूर्णपणे आले ते १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या खेळांतून. पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. माल मात्र कच्चा निघाला. चित्रे अडखळत, पात्रे जमिनीत रुतत, खेळ मध्येच बंद पडे. डिसेंबरच्या आरंभी दुरुस्ती देताना कंपनीला ग्राहकांची क्षमा मागावी लागली.

या अनुभवानंतर पुढच्या प्रत्येक खेळाकडून चाहते जे मागतात, ते चार कलमांत मांडता येईल. पहिले, जग मोठे असण्यापेक्षा जिवंत असावे. प्राण्यांना दिनक्रम असावा, गावांत शिरता यावे, घरांची दारे उघडावीत. दुसरे, खेळ तयार झाल्यावरच विकावा. तिसरे, जुना संग्रह वाया जाऊ नये. आणि चौथे, एकदा किंमत घेतल्यावर पावलोपावली पुन्हा पैसे मागू नयेत. यातील एकही मागणी बालिश नाही. कोणत्याही चोखंदळ गिऱ्हाईकाने आपल्या दुकानदाराकडून याच गोष्टी मागितल्या असत्या.

अपुरा माल, उघड सौदा

याच सुमारास पॉकेटपेअर या लहानशा जपानी कंपनीने वेगळा मार्ग धरला. १९ जानेवारी २०२४ रोजी तिने ‘पालवर्ल्ड’ हा खेळ अपूर्ण अवस्थेतच विक्रीला आणला आणि तो अपूर्ण असल्याचे उघडपणे सांगितले. ग्राहकाने आता विकत घ्यावे, खेळून पाहावे, दोष सांगावेत आणि त्यानुसार माल सुधारत जाईल, असा हा करार होता. महिन्याभरात खेळाडूंची संख्या अडीच कोटींवर गेली. पूर्ण आवृत्तीसाठी कंपनीने २०२६ हे वर्ष जाहीर केले.

मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने पेटंटचे उल्लंघन झाल्याचा दावा टोकियो जिल्हा न्यायालयात दाखल केला. या दाव्याच्या छायेत पॉकेटपेअरने गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याची पद्धत बदलली आणि पुढे प्राण्याला धरून हवेत तरंगण्याची रीतही बदलली. ज्यांनी आधीच पैसे दिले होते, त्यांच्या हातातील माल त्यांच्या देखत बदलत गेला. अपुऱ्या मालावर दिलेल्या विसारात ही जोखीम नेहमीच असते.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. पालवर्ल्डमध्ये पकडलेल्या प्राण्यांना कारखान्यात राबवता येते, त्यांच्या हाती बंदुका देता येतात, आणि इच्छा असल्यास त्यांना कापून मांसही मिळवता येते. खेळाडूने तसे केलेच पाहिजे असे बंधन नाही. तरीही बारा वर्षांच्या मुलापुढे तो पर्याय ठेवला जातो, हे घरातील मोठ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. चित्रफितीत हा भाग न दिसता केवळ गोंडस प्राणीच दिसले, तर पालकांची अपेक्षा एक राहते आणि घरात येणारा माल दुसराच असतो.

लहान गावाचा नकाशा

पोकेमॉनचे मुख्य खेळ ज्या ‘स्विच’ यंत्रावर चालतात, ते निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे विक्रीस आणलेले नाही. आयातदारांकडून ते चढ्या भावाने येते आणि हमीचा प्रश्न अधांतरी राहतो. त्यामुळे इगतपुरीसारख्या गावातील मुलांच्या वाट्याला हा खेळ मुख्यतः मोबाइलवरील ‘पोकेमॉन गो’च्या रूपाने येतो. त्यात खुले जग म्हणजे आपले स्वतःचेच गाव. रस्त्याने प्रत्यक्ष चालावे लागते आणि प्राणी नकाशावर उमटतात.

हा खेळ जुलै २०१६ मध्ये परदेशात आला आणि भारतात १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे सुरू झाला. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली होती. खेळातील अंडी मंदिरांच्या जागी मिळतात आणि त्यामुळे हिंदू व जैन समाजाच्या भावना दुखावतात, हा त्यातील एक आक्षेप होता. न्यायालयाने सरकारला आणि खेळ बनवणाऱ्या नायँटिक कंपनीला नोटिसा काढल्या. ही अंडी खाण्यासाठी नसतात. ठरावीक किलोमीटर चालल्यावर त्यांतून प्राणी बाहेर येतो. पण देरासराच्या पायरीवर अंड्याचे चित्र उमटणे एखाद्या श्रावकाला कसे वाटेल, याचा विचार हजारो मैल दूर बसलेल्या रचनाकाराच्या मनाला शिवला नसावा. ग्राहकाची अपेक्षा न विचारता माल पाठवला की असे घडते.

लहान गावांची तक्रार निराळी आहे. खेळातील थांबे मुळात खेळाडूंनीच सुचवलेल्या ठिकाणांवरून ठरत गेले. साहजिकच मुंबईत ते पावलोपावली सापडतात आणि खेडोपाडी विरळ होत जातात. डिसेंबर २०१७ पासून खेळाने स्वयंसेवकांनी तयार केलेला ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा नकाशा स्वीकारला. त्यानंतर ज्या गावाचे रस्ते आणि बागा त्या नकाशात नीट नोंदलेल्या नाहीत, तेथील खेळही रोडावला. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरच्या ठिकाणी होणाऱ्या सामूहिक लढतीत घरबसल्या भाग घेण्याची सोय झाली आणि लहान गावांतील खेळाडूंना मोठा आधार मिळाला. पण एप्रिल २०२३ मध्ये त्या प्रवेशपत्राचे मूल्य खेळातील १०० नाण्यांवरून १९५ नाण्यांवर नेण्यात आले आणि दिवसाला पाचांची मर्यादा घातली गेली. याची सर्वाधिक झळ लागली ती ज्यांच्या गावात थांबेच कमी आहेत अशांना. येणाऱ्या खेळाने गावाचा आकार पाहून वागणूक ठरवू नये, ही अपेक्षा त्यातूनच आली आहे.

खतावणीत काय नोंदावे?

अपेक्षा ही एक प्रकारची उधारी आहे. ग्राहक आपला विश्वास आणि पुष्कळदा आपला पैसाही आधी देतो. माल मागाहून येतो. कंपनीच्या वहीत हा विश्वास जमेस धरला जातो. मुलाच्या वहीत मात्र तो कोठेच नोंदलेला नसतो, म्हणून अपेक्षाभंग झाला की त्याला केवळ राग येतो, हिशेब मांडता येत नाही.

इगतपुरीच्याच डोंगरउतारावर धम्मगिरी आहे. ब्रह्मदेशातील मारवाडी व्यापारी घराण्यात जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ पासून तेथे विपश्यनेची शिबिरे चालू आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात मोबाइल आरंभीच जमा करावा लागतो आणि मनात उठणाऱ्या ओढीकडे तटस्थपणे पाहण्याचा अभ्यास होतो. दहा वर्षांच्या मुलाकडून तेवढे मागणे योग्य होणार नाही. पण ओढ निर्माण झाली की तिच्यामागे धावण्यापूर्वी क्षणभर तिच्याकडे पाहावे, एवढे घरीही शिकवता येते.

त्यासाठी सरसकट बंदीचा उपयोग होत नाही आणि हट्टापुढे मान तुकवण्याचाही होत नाही. नातवाने नव्या खेळाचे नाव काढले की आजोबांनी त्याला एक कोरा कागद द्यावा. या खेळाकडून तुला काय हवे आहे, कंपनीने त्यातले काय कबूल केले आहे, आणि प्रत्यक्ष काय दाखवले आहे, अशा तीन रकान्यांत त्याने लिहावे. पहिला रकाना भरगच्च आणि तिसरा रिकामा दिसला, तर विसार देण्याची घाई कशाला, हे त्याचे त्यालाच उमगेल. खेळ बाजारात आल्यावर महिनाभर थांबून तोच कागद पुन्हा काढावा. दोष असतील तर तोवर उघड झालेले असतात.

पैशांची बाजू मोठ्यांनी सांभाळावी. मुलाच्या हातातील फोनला वडिलांचे कार्ड जोडलेले असेल, तर एकदा दिलेल्या स्वयंचलित वजावटीच्या संमतीवर १५,००० रुपयांपर्यंतची नियतकालिक रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकते. बँकेकडून २४ तास आधी येणारी सूचना वाचली पाहिजे आणि नको असलेली संमती रद्द केली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. प्राणी गोळा करण्याचे हे खेळ त्या वर्गात मोडत नाहीत. म्हणजे येथे संरक्षण कायद्याकडून फारसे मिळणार नाही, ते घरातूनच यावे लागेल.

पेढीवर बसणाऱ्या मुलाला एक दिवस खरा माल, खरा भाव आणि खरी उधारी हाताळायची आहे. त्या दिवसाची पहिली उजळणी जर त्याच्या आवडीच्या खेळाच्या खरेदीत होत असेल, तर ती संधी दवडू नये. तीन रकान्यांचा तो कागद दुकानाच्या वहीशेजारी ठेवला, तरी चालेल.